माड, मोह आणि सोड्याची बाटली

गुत्ता हा शब्द कानीं पडला म्हणजे दारूचें दुकान डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ दुकान असा नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारास ठरीव रक्कम द्यावी आणि तिच्या मोबदल्यांत एखाद्या जिनसाचें उत्पन्न आपण घ्यावें, या व्यवहाराला गुत्ता म्हणत. पुढें दारूचा मक्ता इतका सर्वांच्या परिचयाचा झाला, कीं मूळ अर्थ मागें पडला आणि जेथें दारू विकली जाते ती जागाच गुत्ता ठरली. आबकारी या शब्दाचीहि अशीच गत झाली. फारसींत आब म्हणजे पाणी. मद्य गाळण्याचें जें काम, तें आबकारी. मराठी माणसाला मात्र आबकारी म्हटली कीं भट्टी आठवत नाहीं, सरकारी खातें आठवतें. आणि खुद्द दारू हा शब्द तर फारसींत औषधाचा वाचक आहे! औषधाचें मद्य झालें, कामाचें खातें झालें आणि मक्त्याचें दुकान झालें. या तीन शब्दांच्या प्रवासांत एका धंद्याचा इतिहास सांठवलेला आहे.

दारू पिणाराची कथा आपल्याकडे पुष्कळांनीं सांगितली. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकानें ती घरोघर पोंचविली. दारू करणाराची आणि विकणाराची कथा सांगितली जाते ती क्वचितच. आणि सांगितली तरी त्या दोघांना एकच समजून. वस्तुतः करणारा आणि विकणारा हे एका काळीं खरोखरच एक होते. त्यांना एकमेकांपासून तोडलें तें कायद्यानें.

कोंकणपट्टीवर मद्याचें मूळ माडांत आहे, आणि माडाशीं नांव जोडलें गेलें आहे तें भंडारी समाजाचें. माडी काढण्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. माडाची पोय उमलण्याच्या आधींच ती दोरीनें आवळून बांधावयाची, लांकडी दांडक्यानें बेताबेतानें ठोकून आंतला रस मोकळा करावयाचा, मग तिचें टोंक धारदार कोयत्यानें रोज पातळ पातळ कापावयाचें आणि खालीं मडकें अडकवावयाचें. घाव खोल गेला तर पोय वाळते, उथळ गेला तर रस झरत नाहीं. दिवसांतून दोन-तीन वेळां त्या उंचीवर चढउतार करावयाची, आणि तीहि पावसाळ्यांत शेवाळलेल्या बुंध्यावरून. पहाटेच्या थंडाव्यांत उतरलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढूं लागलें कीं तोच आंबतो व माडी होते. ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. ही आंबलेली माडी भांड्यांत चढवून गाळली म्हणजे अर्क निघतो. ज्या पोयीचा रस घेतला तिला नारळ धरत नाहीं. म्हणून माडाचा मालक भंडाऱ्याकडून खंड घेई. झाड एकाचें, हात दुसऱ्याचे, आणि दोघांच्या मध्यें एक जुना ठरलेला व्यवहार, अशी ही व्यवस्था होती.

मुंबई बेट १६६८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आलें, तेव्हां माहीमपासून खालीं माडांच्याच वाड्या होत्या. १६६९ पासून १६७७ पर्यंत येथें कारभार करणाऱ्या जेरल्ड ऑंजियर या गव्हर्नरानें बेटाच्या बंदोबस्तासाठीं जी शिबंदी उभी केली तींत भंडाऱ्यांचा भरणा होता, आणि माहीम, शिवडी व शींव या तीन ठिकाणीं तिचे सुभेदार नेमले होते. मुंबईच्या पोलिसांचा इतिहास लिहिणाऱ्यांना आरंभ येथून करावा लागतो. म्हणजे पुढें ज्यांच्यावर आबकारीच्या शिपायांनीं पाळत ठेविली, त्यांच्याच पूर्वजांनीं शहरावर पहिला पहारा केला होता.

त्याच सुमारास आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्यानें एक गंमतीची नोंद करून ठेविली आहे. गोव्याजवळच्या नेरूळ येथें उत्तम अर्क होतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पंच' नांवाचें पेय करतात. त्यांत पांच जिन्नस पडतात म्हणून त्याला हें नांव, असें तो सांगतो. आजच्या भाषापंडितांनीं या व्युत्पत्तीवर शंका काढल्या आहेत खऱ्या. तथापि युरोपांतील मेजवान्यांत मिरविणाऱ्या पेल्यांत आपला पांचाचा आंकडा तरंगत असावा, ही कल्पना सोडून देण्यास मन होत नाहीं.

घाटावर पेशव्यांचें धोरण निराळें होतें. पेशव्यांच्या रोजनिशांना न्यायमूर्ति रानडे यांनीं जी प्रस्तावना लिहिली, तींत या विषयाची माहिती आहे. पुण्यांत मद्य करण्यास व विकण्यास मनाई होती, आणि ब्राह्मणांच्या बाबतींत ती कडक होती. परंतु पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या किनाऱ्यावरचे भंडारी व कोळी यांना सवलत होती, आणि सरकारी तोफखान्यांत चाकरीस असलेल्या ख्रिस्ती गोलंदाजांनाहि ती होती. राज्याला तोफ पाहिजे, तोफेला गोलंदाज पाहिजे, आणि गोलंदाजाला पेला पाहिजे! धर्मशास्त्रानें येथें डोळे मिटून घेतले. पुढें आलेल्या प्रत्येक दारूबंदींत अशी एखादी खिडकी उघडी राहिलेली आढळते.

इंग्रजी अमदानींत गिऱ्हाईक बदललें. गोरी पलटण, गोदींतील खलाशी आणि पुढें गिरण्यांतला मजूर, असे हजारों तहानेले लोक एका शहरांत एकवटले. एवढी तहान एकट्या माडाकडून भागणें शक्य नव्हतें. या व्यापारांत पुढें सरसावले ते पारशी. ठाणें जिल्ह्यांत भांडुप येथें ल्यूक ॲशबर्नर नांवाच्या इंग्रजाची जहागिरीवजा मिळकत होती; ती त्याचा पारशी कारभारी कावसजी माणेकजी यानें विकत घेतली, आणि तेथील मोठ्या भट्टींतून मुंबईच्या लष्कराला रम पुरविली जाऊं लागली. उरणास तर पारशी मालकांच्या भट्ट्यांची रांगच उभी राहिली. उरणच्या दारूचें मूळ द्रव्य माडी नव्हे, मोहाचीं फुलें. हीं फुलें येत पंचमहालाकडून, गुजराथच्या जंगलांतून. वाळवलेलीं फुलें पाण्यांत भिजत घालून आंबवावयाचीं, तो आंबा तांब्याच्या हंड्यांत भट्टीवर चढवावयाचा, आणि नळीवाटे येणारी वाफ पाण्यांत बसविलेल्या भांड्यांत निववून अर्क धरावयाचा. एकदां गाळलेली दारू हलकी, पुन्हां गाळली कीं कडक. तयार झालेला माल मोऱ्याच्या बंदरांतून मुंबईस जाई.

दारूवाला, ताडीवाला, पिठावाला, बाटलीवाला, सोडावॉटरवाला हीं पारशी आडनांवें ऐकून कित्येकांना हंसूं येतें. पण तीं आडनांवें म्हणजे त्या काळची व्यापारी डिरेक्टरीच समजावी. बाटलीवाल्यांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या वेळीं या देशांत कांचेची बाटली होत नसे. विलायतेहून आलेली मद्याची बाटली रिकामी झाली कीं तिलाच मोल येई. रिकाम्या बाटल्या गोळा करून विकणें हा एक स्वतंत्र धंदा होता. फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा तो धंदा. त्यांच्या हाताखालीं त्यांचा भाचा व पुढें जांवई झालेला एक पोरका मुलगा काम शिकला व कांहीं काळ स्वतःला बाटलीवाला म्हणवूं लागला. तेच पुढें सर जमशेटजी जिजीभाई या नांवानें जगाला माहीत झाले. मुंबईंतील दवाखाने व शाळा ज्यांच्या दानधर्मावर उभ्या राहिल्या, त्या गृहस्थाच्या उमेदवारीचा आरंभ रिकाम्या बाटलीपासून झाला होता.

येथपर्यंत सरकार दुरून पैसा घेत होतें. तालुक्याचा किंवा गांवाचा मक्ता लिलावानें द्यावयाचा. मक्तेदारानें वाटेल तेथें भट्टी लावावी, वाटेल तशी विकावी. जंगलपट्टींत तर घरोघर मडक्याची भट्टी लागे. लग्न असो, देवकार्य असो, मयत असो, मोहाच्या दारूवांचून वारली-कातकऱ्यांचें चालत नसे. शिवाय मोहाचें फूल म्हणजे केवळ दारूचें साधन नव्हे. वाळवून ठेवलेलें फूल शिजवून खातात; अन्नान्नदशेच्या दिवसांत त्याच फुलानें कित्येक कुटुंबें जगविलीं आहेत.

१८७८ सालीं मुंबई इलाख्याचा आबकारीचा कायदा झाला आणि सारें चित्र पालटलें. या व्यवस्थेचा सूत्रधार होता प्रिचर्ड नांवाचा अधिकारी. मीठ, जकात, अफू आणि आबकारी हीं चारहि खातीं त्याच्या हाताखालीं होतीं. नव्या पद्धतीचें तत्त्व थोडक्यांत असें. ठिकठिकाणच्या लहान भट्ट्या बंद कराव्या. जिल्ह्याला एक मोठी मध्यवर्ती भट्टी असावी, तिला कुलूप आणि पहारा असावा. जो माल बाहेर पडेल त्याच्या कडकपणाप्रमाणें गॅलनमागें कर घ्यावा. मक्तेदारानें अमुक इतकें उत्पन्न सरकारास मिळेलच अशी हमी द्यावी. दुकानदारानें दारू करावयाची नाहीं, फक्त विकावयाची. माडी-ताडीच्या झाडांवर दर झाडामागें कर बसवावा आणि परवान्यावांचून कोणीहि झाडाला कोयता लावूं नये.

हिशेबाच्या दृष्टीनें ही व्यवस्था उत्तम होती यांत शंका नाहीं. परंतु तिचा बोजा कोणावर पडला तें पाहिलें पाहिजे. भंडाऱ्याला झाडावर चढण्यापूर्वीं आतां कचेरीची पायरी चढावी लागूं लागली. झाड रस देवो न देवो, वादळांत पोय मोडो, कराचा आंकडा ठरलेला. १८८० नंतरच्या वर्षांत भंडाऱ्यांनीं सरकाराकडे अर्जांवर अर्ज केले. ज्यांच्याजवळ भांडवल नव्हतें ते पारशी ताडीवाल्यांचे रोजंदार झाले, आणि ज्यांना तेंहि जमलें नाहीं त्यांनीं गिरणीची वाट धरली. जंगलपट्टींतल्या माणसाचें तर याहून वाईट झालें. काल जें घरचें काम होतें तें आज गुन्हा ठरलें. तीच दारू, पण आतां ती मैलोगणती दूरच्या भट्टींतून येणार, कर भरून महाग झालेली. ती विकणारा दुकानदार उधार देणार, आणि उधारी फेडतांना भात, गवत, जनावर, अखेर जमीनहि त्याच्याकडे जाणार. ठाणें जिल्ह्यांत आणि दक्षिण गुजराथेंत दुकानदार आणि सावकार ही एकच व्यक्ति असल्याचे दाखले पुष्कळ आहेत.

लोकांनीं अर्थातच चोरून गाळणें चालू ठेविलें. तेव्हां सरकारनें फुलावरच हात टाकला. १८९२ सालीं मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांत परवान्याखेरीज मोहाचीं फुलें आणणें आणि ठराविक प्रमाणापेक्षां अधिक बाळगणें गुन्हा ठरलें. झाडावरून आपोआप गळून पडणारें फूल वेंचून घरांत ठेवलें म्हणून माणूस अपराधी व्हावा, ही गोष्ट समर्थनाला फार कठीण आहे. दारूचा प्रसार कमी करण्यासाठीं हें सारें केलें असें सरकार म्हणे. तसा हेतु असता तर दुकानांची संख्या व मक्तेदाराची हमी यांकडेहि त्यांची दृष्टि गेली असती.

गोवें परक्या राज्यांत असल्यामुळें सुटलें असेल असें वाटेल; पण तसेंहि झालें नाहीं. इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्यें १८७८ च्या डिसेंबरांत जो तह झाला त्यानें गोव्याचें मीठ आणि मद्यावरील कर हीं दोन्ही इंग्रजी पद्धतीला जोडलीं गेलीं. तो तह १८९२ सालीं संपला. त्यानंतरहि गोव्यांतील घरगुती भट्टी टिकून राहिली, याचें एक कारण काजू. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलेल्या या झाडाच्या बोंडापासून पहिल्या धारेचा उराक आणि पुन्हां गाळून फेणी करण्याची विद्या तेथें घरोघर होती. कर आला, परवाना आला, तरी भट्टी बागाइतदाराच्याच कुळागरांत राहिली. मध्यवर्ती भट्टीचें कुलूप तिला लागलें नाहीं, आणि म्हणूनच फेणीला गांवाचें नांव व चव उरली. उरणच्या दारूला तें भाग्य लाभलें नाहीं. पुढें साखर कारखान्यांची मळी स्वस्तांत मिळूं लागली आणि मोहाचें फूल इलाख्याच्या भट्ट्यांतूनहि मागें पडलें.

शहरांतील सुशिक्षितांचें लक्ष या विषयाकडे वेधलें तें दुकानांमुळें. पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं शहरांतील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. म्युनिसिपालिटी एका हातानें लोकांच्या आरोग्यासाठीं पैसा खर्च करते आणि दुसरीकडे वस्तीवस्तींत गुत्ते उघडतात, ही विसंगति त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांत दुकानांवर स्वयंसेवक उभे राहिले. पिणाराला हात जोडून परत फिरविणें एवढाच त्यांचा कार्यक्रम. तरी त्यांच्यावर खटले झाले. मवाळ-जहालांचें वैर शिगेस पोंचलें असतांना या एका कामांत दोन्ही पक्षांचीं माणसें एकत्र दिसलीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९३० च्या चळवळींत हें काम स्त्रियांनीं उचललें, आणि १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें शांततेच्या निरोधनास मान्यता मिळाली.

या साऱ्या चळवळींत एक गोष्ट मात्र खटकते. स्वयंसेवक उभा राहणार तो दुकानाच्या दारांत. मध्यवर्ती भट्टीच्या किंवा खजिन्याच्या दारांत नव्हे. रस्त्यावर दिसणारा दुकानदार तेवढा दोषी ठरला. ज्याच्या खिशांत कराचा मोठा हिस्सा जाई तें सरकार पडद्याआड राहिलें. याचा भयंकर परिणाम १९२१ च्या नोव्हेंबरांत मुंबईनें पाहिला. १७ तारखेस इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले, त्या दिवशीं बहिष्काराच्या चळवळीचें रूपांतर दंग्यांत झालें. जमावानें दारूचीं दुकानें फोडलीं, कांहींना आगी लावल्या, आणि स्वागताला गेलेल्या पारशांना गांठून मारलें. पारशी म्हणजे दारूवाला, आणि दारूवाला म्हणजे सरकारचा माणूस, असें सोपें गणित जमावानें मांडलें होतें. मग दुसऱ्या बाजूनेंहि प्रत्याघात झाले. गांधीजींनीं १९ तारखेपासून उपवास धरला व शांतता झाल्यावर २२ ला सोडला. आबकारी खात्याच्या कचेरीची एक कांचहि या दारूविरोधी दंग्यांत फुटल्याचें प्रसिद्ध नाहीं.

फुटल्या त्या सोड्याच्या बाटल्या. मुंबईच्या दंग्यांत सोड्याची बाटली हें हत्यार दगडाच्या बरोबरीनें वापरलें गेलें आहे. आणि येथें या धंद्याच्या दुसऱ्या अंगाकडे वळलें पाहिजे. कारण ज्या फळीवर ब्रँडी असे तिच्याच खालच्या फळीवर सोडा असे, आणि दोन्ही विकणारा पुष्कळदां एकाच समाजांतला, क्वचित् एकाच घरांतला असे.

पाण्यांत कर्बवायु कोंडण्याची रीति जोसेफ प्रीस्टली यानें १७७२ सालीं छापून प्रसिद्ध केली. याकोब श्वेप या घड्याळजीनें जिनीव्हांत १७८३ सालीं तिचा धंदा केला व १७९२ सालीं तो लंडनला नेला. हिंदुस्थानांतल्या गोऱ्यांना हें पाणी मानवलें त्याचें कारण केवळ चैन नव्हे. पटकीच्या दिवसांत विहिरीच्या पाण्याची धास्ती होती. बंद बाटलींतलें पाणी त्यामानानें निर्धोक वाटे. बर्फ तर आणखी नवलाचा. १८३४ च्या सुमारास अमेरिकेंतून जहाजानें मुंबईस बर्फ आला, तेव्हां जमशेटजींनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलें. यजमानांसकट मंडळींना पडसें झालें आणि वर्तमानपत्राला थट्टेला विषय मिळाला.

सोड्याचा खरा प्रसार झाला तो गोळीच्या बाटलीनें. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. हिची युक्ति इतकी साधी आणि सुंदर आहे कीं तिचें वर्णन केल्यावांचून राहवत नाहीं. बाटलीच्या गळ्यांत कांचेची एक गोळी आणि तोंडाशीं रबराचें कडें असतें. बाटली उलटी धरून भरतात. आंतला वायूच गोळीला रबरावर दाबून धरतो. म्हणजे कोंडलेला कैदीच तुरुंगाचें दार लावून घेतो! उघडतांना लांकडी खुंटीनें गोळी खालीं दाबावयाची. फुस्सकन् आवाज होतो, आणि गळ्याला दिलेल्या दोन खांचांत गोळी अडकून बसते, म्हणून ओततांना ती तोंडाशीं येत नाहीं. बूच नको, तार नको, आणि बाटली शेंकडों वेळां वापरावी. वायु तयार करण्यास खडूची किंवा संगमरवराची भुकटी आणि गंधकाम्ल पुरे. हातानें फिरविण्याचें एक यंत्र, दोनतीन पेट्या बाटल्या आणि एक विहीर एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गांवींहि कारखाना निघे. बाटली फुटून कामगाराच्या डोळ्याला इजा होण्याची भीति मात्र कायम असे.

पुण्याच्या लष्करांत अर्देशीर यांचा कारखाना १८८४ सालचा. मुंबईंत दिनशाजी पांडोल यांनीं १८८९ सालीं 'ड्यूक्स' सुरू केला. पांडोल क्रिकेटचे शोकीन, आणि विलायती चेंडूच्या प्रसिद्ध नांवावरून त्यांनीं आपल्या सोड्याचें नांव ठेविलें. पारशी लग्नांत लाल रासबेरी सोडा हा एक मानाचाच पदार्थ होऊन बसला. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आलें, त्याच पुण्याच्या लष्करांत ही बंद बाटली खुशाल विकली जात होती. चहा कोणी ओतला तें दिसतें. बाटलींत पाणी कोणी भरलें तें दिसत नाहीं, एवढाच दोहोंतला फरक.

दारू आणि सोडा यांच्या नशिबांत अंतर पडलें त्याचें कारण उघड आहे. सोड्यावर आबकारी नव्हती, मक्ता नव्हता, मध्यवर्ती कारखान्याचें कुलूप नव्हतें. म्हणून तो गांवोगांवच्या लहान माणसाचा धंदा झाला व राहिला. पारशी, इराणी, मुसलमान, हिंदु, ज्याला जमलें त्यानें केला. माडाचा धंदाहि मुळांत असाच होता.

१ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी झाली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत हें खातें डॉक्टर गिल्डर यांच्याकडे होतें. डॉक्टर स्वतः पारशी. त्यामुळें स्वजातीयांचा रोष त्यांना अधिकच सोसावा लागला. हजारों कुटुंबांचा उदरनिर्वाह या धंद्यावर होता, आणि पारशी धर्मादायांचे पैसेहि त्यांत गुंतले होते, ही तक्रार खोटी नव्हती. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठीं शहरांतील घरमालमत्तेवर नवा कर बसला, तेव्हां दारू न पिणारेहि कुरकुरूं लागले! महायुद्धानंतर मंत्रिमंडळ पुन्हां आलें. १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलांत तो सर्व प्रांतभर पूर्णपणें लागू झाला. त्याला न्यायालयांत आव्हान देणारे बलसारा हेहि पारशीच. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा बहुतांशीं उचलून धरला. औषधें व प्रसाधनें यांतील मद्यार्काविषयींचीं कलमें मात्र रद्द ठरविलीं.

परवानेवाला दुकानदार गेला आणि त्याच्या जागीं हातभट्टीवाला आला. मुंबईच्या गल्ल्यांतून अड्डे निघाले. घरगुती भट्टी पुन्हां अवतरली, पण तिच्यांत आतां मोहाचें फूल किंवा माडी नव्हती. नवसागर आणि कुजका गूळ होता. पिढ्यानपिढ्यांची कारागिरी ज्यांच्या हातीं होती ते भंडारी या धंद्यांत थोडेच होते. त्यांच्यासाठीं नीरेचीं केंद्रें व ताडगुळाची योजना निघाली. नीरा टिकत नाहीं आणि ताडगुळाला साखरेशीं टक्कर देतां आली नाहीं, म्हणून तिचा पसारा लहानच राहिला.

१९६० सालीं राज्यें वेगळीं झालीं. गुजराथनें बंदी कायम ठेविली, महाराष्ट्रानें पायरीपायरीनें सैल केली. कायदा मात्र तोच राहिला. २०१२ सालीं त्याच्या नांवांतील मुंबई जाऊन महाराष्ट्र आला एवढेंच. 'ड्यूक्स' १९९४ सालीं अमेरिकन पेप्सी कंपनीनें विकत घेतला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मोहाचीं फुलें गोळा करणें, सांठविणें व नेणें यांवरील निर्बंध महाराष्ट्र सरकारनें २०२१ च्या मे महिन्यांत उठविले, आणि पुढच्याच वर्षीं मोहाच्या व काजूच्या बोंडाच्या मद्याला देशी दारूच्या वर्गांतून काढून विदेशी मद्याच्या वर्गांत घालण्याचा निर्णय केला. ठाणें-कुलाब्याच्या जंगलांत वेंचलेल्या फुलाला परवाना लागूं लागला, त्याला त्या वेळीं १२९ वर्षें झालीं होतीं.